प्लेग आहे, प्लेग नाही

१८९६च्या पावसाळ्याअखेर मांडवीतल्या धान्याच्या गोदामांमध्ये उंदीर पडू लागले. पाठोपाठ माणसे तापाने फणफणू लागली, जांघेत आणि काखेत गाठी येऊ लागल्या, आणि दोन-चार दिवसांत घरातून तिरडी निघू लागली. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी असे रुग्ण पाहिले. ते मूळचे गोव्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले आणि महापालिकेचे सभासद. २३ सप्टेंबर १८९६ रोजी त्यांनी पालिकेच्या स्थायी समितीसमोर उघड सांगितले की मांडवीत ब्युबॉनिक प्लेग आला आहे.

तिथून पुढची दीड वर्षे मुंबई भांडत राहिली. हे भांडण जाणते डॉक्टर आणि अडाणी जनता यांच्यातले होते, असे बरेचदा लिहिले जाते. मला ते पटत नाही. कागदपत्रे वाचताना दिसते ते असे की धोका प्रत्येकानेच मनावर घेतला होता, पण ज्याचा त्याचा धोका वेगळा होता.

पहिला नकार आला तो वरून. मुंबई म्हणजे बंदर. कापूस, सूत आणि धान्याचा व्यापार. प्लेगचे नाव जाहीर झाले की परदेशी बंदरे मुंबईची जहाजे अडवणार हे पेढीवरच्या कारकुनालाही कळत होते. त्यामुळे सुरुवातीच्या सरकारी भाषेत हा 'संशयास्पद ताप' होता, फार तर सौम्य प्रकारचा प्लेग. खात्री करून घेण्यासाठी कलकत्त्याहून जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांना बोलावले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ते मुंबईत पोहोचले आणि व्हिएगस यांचे निदान बरोबर ठरले.

त्याच सुमारास प्रशासनाने मात्र दुसरे टोक गाठले. ६ ऑक्टोबरला पालिका आयुक्त पी. सी. एच. स्नो यांनी हुकूम काढला. त्यानुसार प्लेगचा संशय असलेल्या रुग्णाला घरच्यांच्या संमतीशिवाय रुग्णालयात हलवता येणार होते आणि घर रिकामे करून धुऊन काढता येणार होते. रुग्ण न्यायचे ते आर्थर रोडच्या साथीच्या रुग्णालयात, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयात. हे रुग्णालय गिरण्यांच्या वस्तीला लागूनच. कामगार रोज ये-जा करताना पाहत होते, आत नेलेला माणूस बहुधा परत येत नाही. त्यामागचे कारण साधे होते. लोक रुग्णाला शेवटपर्यंत लपवत, पथक त्याला शोधून काढी तेव्हा तो हातचा गेलेला असे. पण बाहेरून बघणाऱ्याला दिसे ते एवढेच की नेला आणि मेला. तिथे माणसे मारतात, शरीरातून काही काढून घेतात, अशा वावड्या उठल्या. २९ ऑक्टोबरला हजारभर गिरणी कामगार रुग्णालयावर चालून गेले.

त्या जमावाला मूर्ख म्हणणे सोपे आहे. परळ-लालबागच्या चाळीत एका खोलीत आठ-दहा माणसे राहत, गावाकडचे भाऊबंद पाळीपाळीने झोपत. आजारी माणसाजवळ बसणे, त्याच्या तोंडात पाणी घालणे आणि मेल्यावर आपल्या रीतीने अग्नी देणे हेच त्यांच्या हाती उरलेले होते. हुकुमाने नेमके तेच काढून घेतले. त्यांना प्लेगची भीती नव्हती असे नाही, त्यांना त्याहून मोठी भीती घालण्यात आली होती.

स्नो यांनाही हे उमगले, पण वेगळ्या कारणाने. त्यांना धास्ती होती ती सफाई कामगारांची. घाबरून ही माणसे शहर सोडून गेली तर संडास आणि गटारे साफ कोण करणार, आणि मग मुंबई राहण्याजोगी उरेल का? त्यामुळे सक्ती सैल झाली. ज्यांना शहराने कधी माणसात मोजले नाही, त्यांच्या नुसत्या निघून जाण्याच्या शक्यतेने आयुक्तांना मागे यावे लागले. या साथीच्या इतिहासातली ही मला सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते, आणि ती फारच कमी सांगितली जाते.

लोक निघून गेलेच. डिसेंबर-जानेवारीत बोरीबंदरची गाडी आणि कोकणची बोट माणसांनी भरून वाहत होती. १८९१च्या शिरगणतीत ८,२१,७६४ वस्ती असलेल्या या शहरातून फेब्रुवारी १८९७पर्यंत साडेतीन लाखांहून अधिक माणसे बाहेर पडली होती. गिरगावातल्या वाड्या ओस पडल्या, गिरण्यांवर माणसे शोधण्याची पाळी आली. एरवी महिन्याचा पगार थकवून कामगाराला बांधून ठेवणारे मालक रोजच्या रोज मजुरी देऊ लागले, नाक्यावर मजुरांसाठी बोली लागू लागली.

या पळण्याला तेव्हा भित्रेपणा म्हटले गेले. आज आपल्याला माहीत आहे की गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमधून माणसाला होतो. मेलेला उंदीर थंड पडला की पिसवा दुसरे अंग शोधतात. म्हणजे उंदीर पडलेले घर सोडणे हाच उपलब्ध उपायांपैकी खरा उपाय होता, आणि तो लोकांनी आपल्या अनुभवाने शोधला होता. त्याच काळात पालिका समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक आम्ल गटारांत ओतत होती, भिंतींना चुना फासत होती, छपराची कौले काढून खोल्यांत ऊन आणत होती. रोग घाणीच्या वाफेतून येतो ही समजूत अधिकाऱ्यांच्या डोक्यातून गेली नव्हती. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८मध्ये कराचीत पिसवांचा प्रयोग करून दाखवला, तरी वैद्यकशास्त्राला तो पचायला काही वर्षे गेली. अर्थात पळालेल्यांच्या वळकट्यांबरोबर पिसवाही गेल्या आणि साथ मुंबईबाहेर पसरली, हेही तितकेच खरे.

सरकारने साथ खऱ्या अर्थाने मनावर घेतली ती व्हेनिसमुळे. १८९७च्या सुरुवातीला तिथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरायची होती आणि हिंदुस्थानच्या मालावर व यात्रेकरूंवर युरोपात बंदी येण्याची चिन्हे दिसू लागली. ४ फेब्रुवारीला साथरोग कायदा मंजूर झाला. मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईची प्लेग समिती नेमली गेली. घरोघर झडत्या, स्टेशनांवर तपासण्या, विलगीकरणाच्या छावण्या सुरू झाल्या. पुण्यात प्लेग अधिकारी वॉल्टर रँड यांच्या कारभाराने काय झाले आणि २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर काय घडले, ते मराठी वाचकाला सांगायला नको. मुंबईचा स्फोट त्यानंतरचा. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात जुलाह्यांच्या वस्तीत पथक एका आजारी मुलीला न्यायला आले, घरच्यांनी अडवले, जमाव जमला, गोळीबार झाला, माणसे मेली. पाठोपाठ गोदी कामगार आणि गाडीवान संपावर गेले. त्यानंतर मात्र सक्तीचा जोर ओसरला.

आणि लस? १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी स्वतः तयार केलेली लस आधी स्वतःलाच टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. खोजा समाजाचे आगाखान यांनी लोकांसमोर टोचून घेतले, तेव्हा त्यांचे हजारो अनुयायी पुढे आले. सरकारी हुकुमाने जे जमले नाही ते ओळखीच्या माणसाने दंड पुढे केल्यावर जमले. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ला हाफकिन यांची प्रयोगशाळा आली. आजची हाफकिन संस्था ती हीच. पण साथ हटली नाही, दर हिवाळ्यात परतत राहिली. १९०१च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ७,७६,००६ भरली, दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी.

मार्च २०२०मध्ये मुंबईतले पहिले करोना रुग्ण त्याच कस्तुरबा रुग्णालयात दाखल झाले आणि राज्याने तोच १८९७चा कायदा लागू केला. वादही ओळखीचे होते: हा साधा फ्लू की महासंकट, बाजार बंद की चालू, गावाला जावे की नाही. त्या वर्षी लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादान घेतले. त्यावरही घराघरांत दोन तट पडले. जुलैमध्ये माटुंगा, चेंबूर आणि दहिसर या भागांतल्या तीन विभागांत केलेल्या रक्तचाचणीत झोपडपट्टीतल्या सुमारे ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडे सापडली, इमारतींत १६ टक्के. अंतर ठेवायला जागा कोणाकडे होती, हे त्या दोन आकड्यांवरून कळते.

१८९७चा मूळ कायदा जेमतेम चार कलमांचा. सरकारला वाटेल ते नियम करण्याचा अधिकार, मोडणाऱ्याला शिक्षा, अधिकाऱ्यांना खटल्यांपासून संरक्षण. २२ एप्रिल २०२०ला अध्यादेश काढून त्यात आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना सात वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद घातली गेली, आणि ती गरजेचीच होती. पण ज्याला घरातून उचलून न्यायचे त्याला कुठे नेतो, का नेतो आणि घरच्यांना त्याची खबर कशी मिळेल हे सांगण्याचे बंधन सरकारवर टाकणारे कलम १८९७मध्ये नव्हते आणि त्या अध्यादेशातही आले नाही.