जुना ट्रंपेट : घासावा की वाजवावा?

‘जुने ते सोने’ ही म्हण ज्याने कुणी केली त्याने पितळी वाद्य पन्नास वर्षे सांभाळलेले नसावे. चांगले व्हायोलिन जुने झाले की त्याचा मान वाढतो. ट्रंपेटचे तसे नाही. ट्रंपेट हे वाद्य आहे तसेच ते यंत्रही आहे. त्यात हलणारे भाग असतात आणि ते झिजतात. त्यात रोज माणसाचा दमट श्वास आणि लाळ जाते, आणि धातू आतून खाल्ला जातो. असे असूनही १९२० ते १९६० या काळातले ट्रंपेट हुडकणारे, ते दुरुस्त करून वाजवणारे लोक जगभर आहेत. आपल्याकडेही एखाद्या जुन्या वादकाच्या घरी माळ्यावरच्या पेटीतून असा ट्रंपेट निघतो. मग सणावाराला समई, तांब्याबरोबर त्यालाही चिंच लावून घासले जाते आणि तो शोकेसमध्ये जाऊन बसतो. दिसतो झकास, पण तेवढ्यात त्याच्या वाजण्याचे आयुष्य बरेच कमी झालेले असते. असा ट्रंपेट हाती आला तर काय करावे, आणि त्याहूनही काय करू नये, हे येथे सांगायचे आहे.

प्रथम हे वाद्य चालते कसे ते पाहू. आपली तुतारी म्हणजे एक सलग नळी. तिच्यातून ओठांच्या दाबाने मोजकेच सूर निघतात. युरोपातला जुना ट्रंपेटही असाच होता. श्टोल्झेल आणि ब्ल्यूमेल या दोघा जर्मन वादकांनी १८१८ साली झडपेच्या युक्तीचे पेटंट घेतले, आणि पुढे १८३९च्या सुमारास पॅरिसच्या पेरिने याने आज दिसतो तसा पिस्टन घडवला. पिस्टन दाबला की हवेला जादा नळीचा वळसा पडतो, एकूण नळी लांब होते आणि सूर उतरतो. पहिला पिस्टन सूर दोन श्रुतिपट्ट्या, म्हणजे हार्मोनियमच्या दोन पट्ट्या, खाली आणतो. दुसरा एक पट्टी आणि तिसरा तीन पट्ट्या. नेहमीच्या ट्रंपेटची नळी उलगडली तर सुमारे साडेचार फूट भरते, आणि एकही पिस्टन न दाबता वादक ज्याला ‘सी’ म्हणतो तो सूर आपल्या पेटीवर काळी पाचचा असतो. हार्मोनियमवाल्याने पांढरी एक धरली आणि ट्रंपेटवाल्याने आपला ‘सी’ फुंकला, की दोघे एकमेकांकडे रागाने का पाहतात ते यावरून कळेल!

चांगले जुने ट्रंपेट मुख्यतः दोन देशांतले. पॅरिसच्या बेसाँ घराण्याचे ट्रंपेट इतके नावाजले की पुढच्या अनेकांनी तेच समोर ठेवून आपली वाद्ये घडवली. दुसरा देश अमेरिका. तेथे इंडियाना राज्यात एल्कहार्ट नावाचे एक गाव आहे. आपल्याकडे मिरज जसे तंतुवाद्यांचे, तसे ते बँडच्या वाद्यांचे. चार्ल्स कॉन याने तेथे कारखाना काढला. एका मारामारीत त्याचा ओठ फाटला, म्हणून त्याने रबरी काठाचे माउथपीस बनवले आणि त्यातूनच धंद्याला सुरुवात झाली, अशी हकीकत सांगतात. त्याच गावच्या मार्टिन कंपनीचा ‘कमिटी’ हा ट्रंपेट माइल्स डेव्हिस वाजवीत असे. ऑस्ट्रियातून आलेल्या व्हिन्सेंट बाख (१८९०–१९७६) याने न्यूयॉर्कमध्ये आधी माउथपीस आणि मग १९२४च्या सुमारास ट्रंपेट बनवायला घेतले. १९६१ साली त्याने कंपनी विकली. त्याआधीचे बाख आजही शौकीन वेगळ्या नजरेने पाहतात. कॅलिफोर्नियाच्या ओल्ड्स कंपनीचा ‘अँबॅसडर’ हा विद्यार्थ्यांसाठी केलेला साधा ट्रंपेट. कंपनी १९७९ साली बंद पडली, पण तो इतका दणकट की अजून हजारोंच्या हातात आहे. माझे मत विचाराल तर दुर्मिळ नावाच्या मागे लागण्यापेक्षा नवशिक्याने असा अँबॅसडर घ्यावा.

आपला या वाद्याशी संबंध दोन वाटांनी आला. एक लष्करी आणि पोलिसी बँडांची. त्यात विलायती, विशेषतः लंडनच्या बूझी अँड हॉक्सची वाद्ये असत. दुसरी वाट गोव्याची. तेथल्या चर्चच्या शाळांत मुले पाश्चात्त्य स्वरलिपी शिकत आणि पोटासाठी मुंबईला येत. १९३०नंतर मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतले कृष्णवर्णीय जाझवादक वाजवू लागले, आणि गोमंतकीय वादकांनी त्यांच्याकडून जाझ उचलले. हळदोण्याचे आंतोनियु झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हे त्यांतले सर्वांत गाजलेले. त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटात त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. फ्रँक फर्नांड हेही ट्रंपेटवालेच. पुढे त्यांनी ‘आमचें नशीब’ (१९६३) हा कोंकणी चित्रपट काढला. जुन्या हिंदी गाण्यांतला ट्रंपेट ज्या वाद्यांतून निघाला ती वाद्ये काही हवेत विरली नाहीत. ती कुठेतरी आहेत. म्हणूनच त्यांच्या निगेचा प्रश्न आपलाही आहे.

आता एक भ्रम दूर केला पाहिजे. ‘जुन्या पितळेचा नाद वेगळाच’ असे म्हणण्याची पद्धत आहे. ट्रंपेटमध्ये नाद करते ती आतली हवा. नळीचा आतला आकार कुठे किती रुंदावतो यावर सुराचा स्वभाव ठरतो. पितळेच्या वयाचा त्यात फारसा वाटा नाही. जुने ट्रंपेट चांगले वाटतात याचे एक साधे कारण असे की, वाईट होते ते केव्हाच भंगारात गेले. दुसरे कारण आकाराचे. त्या काळच्या बऱ्याच ट्रंपेटांची नळी अरुंद असे, काहींची जेमतेम ११ मिलिमीटरची. आज सर्रास ११.७ मिलिमीटरच्या आसपासची असते. अरुंद नळीतून सूर धारदार निघतो, थोड्या फुंकेत बोलतो. मात्र जोर लावला की लवकर चिरकतो.

डिझी गिलेस्पीचे उदाहरण येथे बोलके आहे. १९५३ साली न्यूयॉर्कमध्ये एका मेजवानीत त्याच्या ट्रंपेटवर कोणीतरी पडले आणि पुढचा कर्णा आकाशाकडे वळला. त्याने तो तसाच वाजवून पाहिला, त्याला आवडला, आणि पुढे मुद्दाम तसेच ट्रंपेट घडवून घेतले. कर्णा वाकला तरी बिघडले नाही. पण माउथपीस जिथे बसते त्या पहिल्या नळीला हरभऱ्याएवढा पोचा आला तर अख्खे वाद्य अडखळते. तेव्हा जुना ट्रंपेट घेताना लोक कर्ण्यावरचे पोचे मोजतात ते चूक. पाहायची ती पहिली नळी, आणि पिस्टन.

पिस्टन हा ट्रंपेटचा प्राण. पिस्टन आणि त्याचे नळकांडे यांच्यात सुमारे ०.०३ मिलिमीटरची फट असते, माणसाच्या केसाच्या निम्म्याहूनही कमी. तेवढ्या फटीत तेलाचा पापुद्रा राहतो, तोच पिस्टनला सरकू देतो आणि तोच हवा अडवतो. वर्षानुवर्षे कोरडे दाबल्याने फट वाढते, हवा गळते, वरचे सूर डळमळतात, आणि वादक बिचारा ओठांना दोष देत बसतो. परीक्षा सोपी आहे. पहिल्या पिस्टनची सरकनळी पिस्टन न दाबता इंचभर ओढा, चार-पाच सेकंद थांबा आणि मग पिस्टन दाबा. ‘फट्’ असा आवाज आला तर पिस्टन हवा धरतो आहे. काहीच आवाज आला नाही तर कोठेतरी गळती आहे. झिजलेल्या पिस्टनवर निकेलचा नवा थर चढवून तो पुन्हा नळकांड्यात बसवता येतो, पण हे काम निष्णात कारागिराचे, आणि त्याचा खर्च पुष्कळदा ट्रंपेटच्या किमतीहून जास्त होतो. तोपर्यंत जुन्या वाद्यांसाठी मिळणारे किंचित दाट तेल वापरून चालवता येते. पिस्टन मोनेल या निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे असतील तर नशीब समजावे. ते गंजाला चांगले तोंड देतात.

घरातले कोणते तेल चालेल, असे विचारणारे पुष्कळ. खोबरेल मुळीच नको, ते थंडीत गोठते. शिलाई यंत्राचे तेल घट्ट फटीला जड पडते. पिस्टनचेच पातळ तेल आणावे. आणि पिस्टन अडकतो म्हणून पॉलिशने किंवा टूथपेस्टने घासणे हा तर गुन्हाच! दोन दिवस तो लोण्यासारखा चालतो, कारण फट वाढलेली असते. ती पुन्हा भरून येत नाही. पिस्टनवर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात. ज्याचे घर त्यालाच द्यावे. अदलाबदल केली तर छिद्रे जुळत नाहीत आणि फुंकलेली हवा पुढे जातच नाही. पिस्टनखालचे-वरचे नमद्याचे आणि बुचाचे तुकडे दबून चपटे होतात, त्यानेही छिद्रे केसभर सरकतात. अनेक ‘मेलेले’ जुने ट्रंपेट हे चार तुकडे बदलताच बोलू लागतात. हा सर्वांत स्वस्त इलाज, आणि तोच कोणी करीत नाही.

आता धातूविषयी. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. नेहमीच्या पिवळ्या पितळेत ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त. लाळेने आणि ओलाव्याने त्यातले जस्त झिरपून जाते आणि सच्छिद्र, ठिसूळ तांबे मागे उरते. पहिल्या नळीवर बाहेरून गुलाबी-लालसर ठिपके दिसू लागले की समजावे, रोग आतून बाहेर आला. वरून कितीही घासले तरी तो जात नाही. नळीच बदलावी लागते. म्हणून वाजवून झाल्यावर पाणी काढून टाकावे, आठवड्याने पहिली नळी मऊ लांब कुंचल्याने धुवावी, आणि गोड खाऊन तोंड न धुता फुंकू नये. जिलबीनंतर लगेच ट्रंपेट, हा लग्नातल्या बँडवाल्यांचा नाइलाज. आपण तो हौसेने करू नये.

पितळेचा आणखी एक शत्रू अमोनिया. याचा शोध आपल्याच देशातल्या एका प्रसंगातून लागला. ब्रिटिश लष्कराची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली की त्यांची पितळी आवरणे आपोआप तडकत. घोड्यांच्या मुताचा अमोनिया, दमट हवा आणि ठोकून घडवताना पितळेत राहिलेला ताण या तिहींचा तो परिणाम असल्याचे १९२१ साली दाखवून दिले गेले. पावसाळ्यात घडते म्हणून त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ असे नावच पडले. ट्रंपेटही ठोकून आणि वाकवूनच घडवतात. पितळेच्या काही पॉलिशांत अमोनिया असतो, हे ध्यानात घ्यावे.

आणि चिंच? चिंचेचे आम्ल काळे पुट काढते, ते खरे. पण वरचे पारदर्शक लॅकर ते सांभाळत नाही, आणि सोबत राख किंवा भुकटी असली की पितळही घासले जाते. कर्ण्याचा पत्रा अर्धा मिलिमीटर जाड असतो. यंत्राच्या चाकावर धरून चकाकी आणली तर कोरीव नक्षी पुसट होते, जोडांवरचे पितळ झिजते, आणि जाणता गिऱ्हाईक असा ट्रंपेट दुरूनच ओळखून निम्म्या किमतीत मागतो. जुने लॅकर उडालेला, तपकिरी पडलेला ट्रंपेट ओंगळ वाटला तरी निरोगी असू शकतो. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडके, एवढेच त्याला पुरते. कढत पाणी नको, लॅकर सुटते. माउथपीस अडकले तर पक्कड लावू नये. पहिली नळीच पिळवटून निघते. त्यासाठी खास ओढयंत्र मिळते.

विकत घेताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली सुराची पट्टी. १९३९ साली लंडनच्या परिषदेत ‘ए’चा सूर सेकंदाला ४४० कंपनांवर ठरला, पण त्यापूर्वी ४५२ कंपनांची उंच पट्टीही चालत असे, आणि ब्रिटनमधले ब्रास बँड तर १९६०नंतरपर्यंत तिलाच धरून होते. हा फरक जवळजवळ अर्ध्या पट्टीचा. असा ट्रंपेट सरकनळी पूर्ण ओढूनही पेटीशी जुळेलच असे नाही. तो कितीही देखणा असला तरी वाजवण्यासाठी घेऊ नये. दुसरी गोष्ट तिसऱ्या सरकनळीवरची कडी. पहिला पिस्टन नळी सुमारे १२ टक्क्यांनी वाढवतो आणि तिसरा १९ टक्क्यांनी. दोन्ही दाबले की बेरीज होते ३१, पण त्या सुराला हवे असतात साडेतेहतीस. म्हणजे सूर चढाच लागणार. तिन्ही दाबले तर तूट आणखी मोठी. कडीत बोट घालून नळी जरा पुढे सारली की तूट भरते. फार जुन्या ट्रंपेटना ही कडी नसते, तेथे ओठांनीच सूर उतरवावा लागतो. कान तयार होतो खरा, पण जलशात घाम फुटतो.

मधल्या पिस्टनच्या नळकांड्यावर बहुधा अनुक्रमांक असतो. कंपनीच्या यादीशी ताडून त्यावरून वर्ष काढता येते. बाजारात ‘अँटिक’ म्हणून मिळणारे शोभेचे भोंगे मात्र याहून वेगळे. त्यांचे पिस्टन हलतात, पण त्यांतून हवा वळतेच असे नाही. फुंकून पाहिल्याशिवाय पैसे काढू नयेत.

राहता राहिला आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर पेटीतले मखमली अस्तर ओले राहते, त्यावर बुरशी धरते, आणि बंद पेटीत ट्रंपेट शेजारच्या तांब्यापेक्षा लवकर काळवंडतो. या चार महिन्यांत पेटी उघडून हवेशीर ठेवावी, आत ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी टाकावी, दर पंधरवड्याने सरकनळ्या ओढून त्यांना व्हॅसलीन लावावे, पिस्टनना तेल द्यावे, आणि निदान दहा मिनिटे वाजवावे. शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून म्यूट म्हणजे बुच्चा मिळतो, तो कर्ण्यात बसवावा. नुसती घडी करून ठेवलेल्या ट्रंपेटचे पिस्टन दोन पावसाळ्यांत जाम होतात.