प्रभातच्या फाटकासमोर नीरा

1939 च्या जुलैत पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीच्या फाटकाशी अभिनेत्री शांता आपटे उपोषणाला बसल्या. करार आणि पगारावरून मालकांशी बिनसलं की नट मंडळी चरफडत गप्प बसत, नाहीतर दुसरी कंपनी गाठत. शांताबाईंनी उचललं ते कामगारांचं हत्यार. नटी म्हणजेही राबणारं माणूस, हे त्यांनी चारचौघांत सांगितलं. त्यानंतर त्यांनी प्रभात सोडली.

त्यांचा जन्म 1916 चा, निजामाच्या हद्दीलगतच्या दुधनीचा. पंढरपुरात त्या गाणं शिकल्या. भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर'मध्ये (1932) राधा झाल्या आणि 'अमृतमंथन'पासून (1934) प्रभातच्या झाल्या. इतर नट्या ताठ उभ्या राहून गात, तेव्हा शांताबाईंचे हात नि डोळेही गात.

पण त्यांची खरी ओळख 'कुंकू'. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी 1937 मध्ये तो काढला. पोरक्या नीराला मामा-मामी फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधतात. केशवराव दाते यांचे काकासाहेब पांढऱ्या मिशांना कलप लावतात. भिंतीवरचं जुनं घड्याळ मात्र त्यांचं वय सांगत राहतं. पार्श्वसंगीत नाहीच, त्यामुळे ती टिकटिक अंगावर येते. नीरा या नवऱ्याला नवरा मानत नाही. वयात आलेला सावत्र मुलगा लगट करू लागतो, तेव्हा ती छडी घेऊन त्याला फोडून काढते. रडून सहानुभूती मिळवणारी नायिका तेव्हा पडद्यावर नेहमीची होती. ही चिडते, आणि तिचा राग आपल्याला पटतो.

परभणी जिल्ह्यातल्या पाथरीत बसून हा चित्रपट पाहताना तो जुना वाटत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत याच जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या 48 टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झाल्याचं आढळलं. हा आकडा मला अस्वस्थ करतो. जरठ नवरे कमी झाले असतील. पण मुलीला न विचारता तिचं ठरवून टाकणं कुठे थांबलंय? आमच्याकडच्या ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मजुरांचं एक एकक. टोळीबरोबर जाणाऱ्या आईबापांना वयात आलेल्या मुलीची काळजी, म्हणून उरकून टाकायची घाई.

शांताबाईंच्या त्याच काळात कराराच्या जाचाविरुद्ध हॉलिवूडच्या नट्याही लढत होत्या. बेटी डेव्हिस 1936 मध्ये लंडनच्या कोर्टात वॉर्नर ब्रदर्सविरुद्धचा खटला हरल्या. ऑलिव्हिया डी हॅविलंड त्याच कंपनीविरुद्ध 1944 मध्ये जिंकल्या. त्यांच्या लढाया कोर्टात झाल्या, शांताबाईंची रस्त्यावर. शिवाय 1940 मध्ये त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहून पडद्यामागचे कष्ट आणि पैशाचा खेळ उलगडला. हे पुस्तक आज कुणाच्या हाती नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

पुढे 1941 च्या तमिळ 'सावित्री'त त्या सावित्री झाल्या, त्यासाठी तमिळ शिकल्या. त्यात नारद होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. 1946 च्या 'सुभद्रा'त लता मंगेशकर त्यांच्याबरोबर गायल्या. 24 फेब्रुवारी 1964 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

दिवाळी सरली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आणि मुलींच्या सोयरिकी त्याआधीच जुळवल्या जातात. आपल्या शाळांनी दिवाळीआधीच्या त्याच दिवसांत आठवी-नववीच्या मुलींना 'कुंकू' दाखवावा, आणि आईबापांनाही बोलवावं.