वाढत्या मेंदूचे डॉक्टर

पाच महिन्यांचं बाळ झोपेतून उठतं आणि एकामागून एक दहा-पंधरा वेळा दचकतं. मान पुढे झुकते, हात वर उडतात, मग थोडं रडणं. आजी म्हणते दृष्ट लागली, शेजारीण म्हणते पोटात कळ आली. जवळचे डॉक्टर पोटदुखीचे थेंब लिहून देतात. असा महिना निघून जातो. बाळ आईकडे बघून हसेनासं होतं, धरलेली मान पुन्हा सोडतं, तेव्हा कुठे मोठं रुग्णालय गाठलं जातं. एव्हाना आईच्या मोबाइलमध्ये वीस सेकंदांचा व्हिडिओ असतो. ज्याने हे झटके आधी पाहिलेत, तो निवासी डॉक्टर व्हिडिओ संपायच्या आतच ईईजीची चिठ्ठी लिहायला घेतो.

विल्यम वेस्ट या इंग्लिश डॉक्टरने 1841 मध्ये ‘लॅन्सेट’ला पत्र लिहून या झटक्यांचं वर्णन केलं. रुग्ण त्याचाच मुलगा होता. त्याच्याच नावावरून या आजाराला वेस्ट सिंड्रोम म्हणतात. आज यावर उपचार आहेत : स्टेरॉइड, एसीटीएचची इंजेक्शनं, व्हिगाबॅट्रिन. ते जितक्या लवकर सुरू होतील तितकी मुलाची पुढची वाढ वाचण्याची आशा जास्त. उशीर होतो तो बहुतेकदा ओळखण्यात.

ओळखायला शिकवणारी वाट आपल्याकडे लांबलचक आहे. एमबीबीएसची इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, बालरोगशास्त्रातल्या एमडीची तीन, मग नीट-एसएस देऊन पेडिॲट्रिक न्यूरोलॉजीत डीएमची आणखी तीन. सगळी मिळून साडेअकरा, तीही प्रत्येक परीक्षा पहिल्या फटक्यात निघाली तर. पूर्वी बालरोगतज्ज्ञाला मेंदूचा ध्यास लागला की तो मोठ्यांच्या न्यूरोलॉजीत डीएम करायचा किंवा फेलोशिपसाठी परदेश गाठायचा. लहानांच्या मेंदूसाठी वेगळं डीएम ही दिल्लीचं एम्स, चंदीगडचं पीजीआय अशा संस्थांतून गेल्या वीसेक वर्षांत रुजलेली गोष्ट.

वेगळं डीएम कशाला, हा प्रश्न रास्त आहे. नसा त्याच, मेंदू तोच. पण मोठ्यांचा मेंदू बनून झालेला असतो, बाळाचा अजून बनतो आहे. तळपायावर ओरखडा काढल्यावर अंगठा वर गेला तर मोठ्या माणसात मेंदू किंवा मज्जारज्जूच्या बिघाडाची शंका येते. सहा महिन्यांच्या बाळात ते सर्रास दिसतं. मुदतीच्या सहा आठवडे आधी जन्मलेल्या बाळाचा ईईजी मध्येमध्ये सपाट होतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तसाच आलेख पूर्ण दिवसांच्या बाळाचा निघाला तर मात्र रात्री सरांना उठवावं लागतं. म्हणून डीएमच्या पहिल्या वर्षात आजारांइतकंच निरोगी मूल शिकावं लागतं : मान कधी धरतं, कधी बसतं, कोणत्या हाताने खेळणं उचलतं. वर्षाच्या आतच मूल कायम एकच हात पुढे करत असेल, तर दुसऱ्या हाताचं काय बिघडलं ते बघायचं.

आणि हे सगळं रडणाऱ्या, आईला चिकटलेल्या मुलाकडून काढून घ्यायचं. ‘जीभ दाखव, डोळे मीट’ इथे चालत नाही. अनुभवी मॅडम मुलाला हात न लावता अर्धी तपासणी उरकतात. जमिनीवर चेंडू टाकतात आणि ते कसं उठतं ते बघतात. स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत उठणारा पाच वर्षांचा मुलगा दिसला, की स्नायूंच्या डुशेन आजाराची शंका एमआरआयशिवाय येते.

अमेरिकेत रचना निराळी आहे. तिथे वैद्यकीय पदवीनंतर सलग पाच वर्षांची रेसिडेन्सी : दोन बालरोगात, तीन न्यूरोलॉजीत. त्या तिनांतलं एक वर्ष मोठ्यांच्या न्यूरोलॉजीत जातं. लहान मुलांचा डॉक्टर व्हायला निघालेल्याने सत्तरीतल्या पक्षाघाताच्या रुग्णांत वर्ष का घालवावं, अशी कुरकुर तिथले रेसिडेंट करतात. मला मात्र ते वर्ष वाया जातं असं वाटत नाही. बिघाड मेंदूत नेमका कुठे आहे हे ठरवण्याची सवय पक्षाघाताच्या रुग्णाइतकी कोणी लावत नाही.

पण अमेरिकेची पाठ्यपुस्तकं इथल्या ओपीडीत अर्धीच उपयोगी पडतात. आपल्याकडे झटक्यांनी आलेल्या शाळकरी मुलाच्या स्कॅनमध्ये फीतकृमीच्या अळीची गाठ निघते, आठवडाभर तापात असलेल्या मुलाला क्षयाचा मेंदूज्वर निघतो. वेस्ट सिंड्रोमच्या कितीतरी भारतीय बाळांच्या मुळाशी जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत रक्तातली साखर उतरल्याने झालेली इजा असते. दूध वेळेवर पाजलं गेलं असतं, साखर वेळीच तपासली असती, तर ती टळण्यासारखी होती. सोळा कोटींच्या जनुकीय इंजेक्शनच्या बातम्या होतात, या टाचेवरच्या थेंबभर रक्ताची कुठेच होत नाही.

गरज किती आहे याचा अंदाज 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासावरून येतो. उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांची मुलं तपासली गेली. अपस्मार, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, दृष्टिदोष, ऐकण्या-शिकण्यातल्या अडचणी धरून सुमारे 12 टक्के मुलांत काही ना काही सापडलं. डीएमच्या सीटा कितीही वाढवल्या तरी एवढ्या मुलांना तज्ज्ञ पुरणार नाहीत. म्हणून माझ्या मते खरा जोर एमडीच्या तीन वर्षांवर हवा. बहुतेक मुलं आधी साध्या बालरोगतज्ज्ञाकडेच जातात, आणि दचकणं की झटका हा निवाडा तिथेच होतो. एमडीच्या विद्यार्थ्यांना जिल्हा रुग्णालयात तीन महिने काम करणं आता सक्तीचं आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला आणि त्याखाली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं उभी राहिली. त्या तीन महिन्यांतले काही आठवडे तिथल्या फिजिओथेरपिस्ट आणि वाचोपचारतज्ज्ञांशेजारी बसून काढायला लावले, तर नव्या इमारतीचीही गरज नाही.

एक गाठ तरीही सुटत नाही. अनेक सरकारी रुग्णालयांत बाराव्या वर्षी मूल मोठ्यांच्या वॉर्डात जातं. डुशेनची मुलं आता चांगल्या देखभालीने पंचविशी-तिशी गाठतात. ज्या मॅडमनी तिसऱ्या वर्षापासून पाहिलं, त्यांची ओपीडी अचानक बंद होते आणि पुढच्या टेबलावरच्या डॉक्टरने हा बालपणीचा आजार क्वचितच हाताळलेला असतो. केस पेपर नवा निघतो, आई पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगते. बारा ते अठरा वयाच्या मुलांसाठी दोन्ही विभागांचे निवासी डॉक्टर एकत्र बसतील अशी आठवड्यातून एक ओपीडी ठेवायला फारसा खर्च नाही, फक्त दोन विभागप्रमुखांचं एकमत लागतं.