जोरात पळवणारा जिंकतोच असे नाही

मोटार रॅली म्हटले की आमच्या शिरोड्यातली मुले हमखास विचारतात, ‘सगळ्यांत जोरात जाईल तोच जिंकणार ना?’ मी म्हणतो, नाही. आणि मग त्यांना १९६८ सालची लंडन ते सिडनी रॅली सांगतो. जागतिक रॅली अजिंक्यपद १९७३ मध्ये सुरू झाले, त्याच्याही आधीची ही गोष्ट. ही रॅली आपल्या मुंबईतून गेली होती.

आधी रॅली म्हणजे काय ते पाहू. शर्यतीत सगळ्या गाड्या एकदम सुटतात. रॅलीत त्या एकामागून एक, ठरावीक अंतराने सोडतात. वाटेत तपासणी नाके असतात. समजा, शिरोड्याहून सकाळी सहाला निघून सावंतवाडीच्या नाक्यावर सातला पोहोचायचे आहे. तुम्ही सात वाजून पाच मिनिटांनी पोहोचलात, तर पाच दंडगुण. लवकर पोहोचलात म्हणून बक्षीस मात्र नाही. अखेरीस ज्याचे दंडगुण सर्वांत कमी, तो विजेता. म्हणून चालकाइतकाच महत्त्वाचा असतो तो शेजारी नकाशा आणि घड्याळ घेऊन बसलेला जोडीदार.

२४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनहून ९८ गाड्या निघाल्या. इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली करीत त्यांतल्या ७२ मुंबईला पोहोचल्या. तिथून ‘चुसान’ नावाच्या बोटीने त्या ऑस्ट्रेलियाला गेल्या. रस्त्याचा प्रवास होता सुमारे १६ हजार किलोमीटर.

मुंबईत आघाडीवर होता रॉजर क्लार्क. तुर्कस्तानातल्या खडतर रस्त्यावर त्याने ताशी जवळजवळ ६० मैल सरासरी राखली होती. पण ऑस्ट्रेलियात आधी त्याच्या गाडीचा पिस्टन गेला, मग मागचा डिफरन्शियल. रस्त्याकडेला तशीच एक कॉर्टिना दिसली. नाही-हो करणाऱ्या मालकाकडून त्याने तिचा मागचा अ‍ॅक्सल विकत घेतला आणि बसवला. त्यात ८० मिनिटे गेली, आणि जिंकण्याची आशाही.

मग पुढे आला बेल्जियमचा लुसिएन बियांकी. सिडनी अवघे दीडशे किलोमीटर राहिले असताना त्याच्या सित्रोएनची समोरून आलेल्या मोटारीशी टक्कर झाली. तो आणि त्याचा साथीदार जखमी झाले. मागून येणाऱ्या पॅडी हॉपकर्कने गाडी थांबवली, आग विझवली, जखमींना पाहिले. त्या क्षणी त्याला एकेक मिनिट मोलाचे होते, तरी तो थांबला.

त्याच्यामागून अँड्र्यू कोवन आला. त्यानेही वेग कमी केला. पण ‘इथे सगळे ठीक आहे, तू जा’ अशी खूण झाली. कोवन जिंकला. त्याचे दंडगुण ५०, दुसऱ्या आलेल्या हॉपकर्कचे ५६. कोवनची हिलमन हंटर ही साधी घरगुती मोटार. जेमतेम पाच-सहा गाड्याच सिडनी गाठतील, असा त्याचा होरा होता. म्हणून त्याने कंपनीकडे मागणी केली होती ती ‘शेवटी येणारी गाडी द्या’ अशी! त्याला वेगवान गाडी नको होती, टिकणारी हवी होती. प्रत्यक्षात ५६ गाड्या पोहोचल्या आणि त्यांत पहिली त्याचीच होती.

चतुर्थीला मुंबईहून रात्रभर गाडी हाकत गावी येणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. घाटातल्या वळणावर वाचवलेल्या पाच मिनिटांना कोणी गुण देत नाही. वाटेत अपघात दिसला, तर आधी थांबावे. आणि गाडी व माणसे धडपणे दारात उभी राहिली, की जिंकलो म्हणावे.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)