सनदेनंतरचे शिक्षण आणि त्याचे मोजमाप

वकिलाची विद्या ही मुख्यतः शब्दांची विद्या होय. कायद्यातील एखाद्या शब्दाची व्याप्ती विधिमंडळाने वा न्यायालयाने बदलली की तो शब्द वापरणाऱ्याचे ज्ञान त्या क्षणापासून अपुरे होते, आणि पुष्कळदा ते अपुरे झाल्याची त्याला स्वतःला जाणीवही नसते. सनद मिळाल्यानंतरही वकिलाने ठराविक मुदतीत ठराविक शिक्षण घेतलेच पाहिजे असा नियम काही देशांत आहे. तो कसा पाळला जातो, आणि आपल्याकडे तो नसताना काय घडते, हा विचार म्हणूनच भाषेच्या अभ्यासकास परका वाटू नये.

अमेरिकेत ही सक्ती प्रथम मिनेसोटा व आयोवा या राज्यांनी १९७५ मध्ये केली. पुढे बहुतेक राज्यांनी ती स्वीकारली. मिनेसोटात तीन वर्षांत ४५ तास, आयोवात दरवर्षी १५, न्यूयॉर्कात अनुभवी वकिलास दोन वर्षांत २४, असे प्रमाण आहे. परंतु ह्या आकड्यांची तुलना करू जाता पहिली अडचण 'तास' या शब्दापाशीच येते. न्यूयॉर्कचा तास ५० मिनिटांनी पुरा होतो. कॅलिफोर्नियाचा ६० मिनिटांचा असतो. आपल्याकडील अनेक महाविद्यालयांत तो ४८ मिनिटांतच संपतो, हे या पत्रिकेच्या वाचकांस सांगावयास नको.

नियमाचे स्वरूप नीट कळावे म्हणून कॅलिफोर्नियाचे उदाहरण थोडे विस्ताराने पाहू. तेथे वकिलास ३६ महिन्यांत किमान २५ तास शिक्षण घ्यावे लागते. त्यांपैकी किमान ४ तास व्यावसायिक नीतीचे असावे लागतात. पूर्वग्रह-निवारण, तंत्रज्ञानाचा वापर, इतकेच नव्हे तर व्यवसायातील सौजन्य यांसाठीही वेगळे तास राखून ठेवलेले आहेत. सर्व वकिलांचा हिशेब एकाच वर्षी येऊ नये म्हणून आडनावाच्या रोमन आद्याक्षरावरून त्यांचे तीन गट पाडले आहेत: ए ते जी, एच ते एम आणि एन ते झेड. तेथे वकिली करणारे देशपांडे, कुलकर्णी आणि पाटील हे तिघे त्यामुळे तीन वेगवेगळ्या वर्षी हिशेब देतील. एकदा ठरलेला गट नाव बदलले तरी बदलत नाही. विवाहाने देशपांडे कुलकर्णी झाल्या तरी त्यांची मुदत देशपांड्यांचीच राहते. मुदत संपताच वकिलाने शिक्षण पुरे केल्याचे स्वतः प्रतिज्ञापूर्वक कळवावयाचे, प्रमाणपत्रे एक वर्ष जपून ठेवावयाची, आणि तपासणीसाठी निवड झाल्यास ती दाखवावयाची. यात कसूर करणाऱ्यास निष्क्रिय ठरविले जाते, व तोवर त्यास वकिली करता येत नाही.

या नियमांत एक भेद विशेष मननीय आहे. एकूण तासांपैकी निम्मे तरी 'सहभागा'चे असले पाहिजेत. उरलेले स्वाध्यायाने पुरे करता येतात. आता 'सहभाग' म्हटले की प्रश्नोत्तरे, चर्चा, निदान इतरांचे सान्निध्य आपल्या मनात येते. नियमाचा अर्थ मात्र तसा नाही. शिक्षण देणाऱ्या संस्थेने हजेरीची खात्री करून घेतली, की घरी एकट्याने पाहिलेले ध्वनिचित्रमुद्रणदेखील सहभागच होय; आणि सहकाऱ्याशी तासन्‌तास केलेली कसदार चर्चा, तिची नोंद नसल्यामुळे, सहभाग होत नाही. शब्द अध्यापनशास्त्राचा, अर्थ हजेरीपटाचा, असे येथे झाले आहे. नियम करणाऱ्यांना याचा दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. जे मोजता येत नाही त्याची सक्ती करता येत नाही, आणि तास तेवढे मोजता येतात.

ही सक्ती सर्वांवर सारखी नाही. निवृत्त न्यायाधीश, राज्याचे अधिकारी व निर्वाचित पदाधिकारी, आणि मान्यताप्राप्त विधिमहाविद्यालयांतील पूर्णवेळ प्राध्यापक यांना तीतून सूट आहे. या सवलतीस आव्हान दिले गेले असता कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ती वैध ठरविली. प्राध्यापकाचे ज्ञान शिकविल्यामुळेच ताजे राहते, हे त्यामागील गृहीत आपणां अध्यापकांस सुखावणारे आहे. ते किती खरे, हे ज्याने त्याने आपल्या पिवळ्या पडलेल्या टिपणांकडे पाहून ठरवावे.

इंग्लंड व वेल्समध्ये याच्या उलट प्रवास झाला. तेथील सॉलिसिटरांवर वर्षाला १६ तासांची सक्ती होती; ती १ नोव्हेंबर २०१६ पासून काढून टाकण्यात आली. आता सॉलिसिटराने आपल्या कामातील उणीव आपणच शोधावयाची, ती भरून काढावयाची, आणि तसे केल्याचे दरवर्षी निवेदन करावयाचे. तत्त्व म्हणून हे अधिक प्रौढ आहे. पण ज्याला आपली उणीव दिसतच नाही, त्याने ती शोधावी कशी?

आपल्याकडे अधिवक्ता अधिनियम, १९६१ प्रमाणे राज्य विधिज्ञ परिषद सनद देते. महाराष्ट्र व गोव्यासाठी ती एकच आहे. २०१० मध्ये अखिल भारतीय विधिज्ञ परीक्षेचा नियम झाला, आणि तिची वैधता सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२३ मध्ये मान्य केली. पण ही परीक्षा एकदाच द्यावयाची असते. त्यानंतर ठराविक मुदतीने काही शिकल्याचा पुरावा त्या अधिनियमाप्रमाणे द्यावा लागत नाही. न्यायालयात उभे राहणे हेच शिक्षण, अशी आपली परंपरागत समजूत. आणि कायदा सावकाश बदलत होता तोवर ती निभावलीही.

१ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया व पुरावा यांचे कायदेही त्याच दिवशी बदलले. १८६० च्या दंडसंहितेचा क्रम ५११ कलमांपर्यंत जात होता, न्याय संहितेत ३५८ कलमे आहेत. 'चारशे वीस' हा शब्द मराठीत लबाड माणसाचे विशेषण होऊन बसला आहे. त्या कलमाखालील फसवणुकीचा अपराध आता कलम ३१८(४) मध्ये आहे, आणि न्याय संहितेत ४२० हे कलमच नाही. यात फारसा धोका नाही, कारण जे कलम सापडत नाही ते माणूस शोधतो. धोका आहे तो ३०२ आणि ३०४ यांसारख्या आकड्यांत. जुने ३०२ खुनाच्या शिक्षेचे होते. ते आता १०३ झाले, आणि नवे ३०२ धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने उच्चारलेल्या शब्दांविषयी आहे. जुने ३०४ सदोष मनुष्यवधाचे होते. नवे ३०४ हिसकावून केलेल्या चोरीचे आहे. भाषाशिक्षणात हा प्रकार आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. हिंदी शिकणारा मराठी विद्यार्थी अनोळखी शब्दापाशी थांबतो, कोश पाहतो. 'शिक्षा' या शब्दापाशी तो थांबत नाही, कारण तो आपल्याला येतो अशी त्याची खात्री असते. त्यातून त्या दिवसापूर्वी घडलेल्या अपराधास जुनीच दंडसंहिता लागू असल्यामुळे वकिलाला पुढील पुष्कळ वर्षे दोन्ही संहितांत वावरावे लागणार आहे. एकाच सकाळी एका अशिलासाठी ३०२ चा एक अर्थ आणि दुसऱ्यासाठी दुसरा.

आकड्यांपेक्षाही शब्दांचे बदल सूक्ष्म आहेत. 'दस्तऐवज' या शब्दाच्या व्याख्येतच आता इलेक्ट्रॉनिक व अंकीय अभिलेख आले आहेत. पुराव्याच्या कायद्याच्या नावात 'साक्ष्य' हा शब्द आला. मराठीत 'साक्ष' म्हणजे साक्षीदाराचे सांगणे, आणि 'पुरावा' त्याहून व्यापक. मराठी वकिलाने नावावरून कायद्याचा आवाका ठरविला तर तो चुकेल.

एका तालुक्याच्या वकील संघाने दावे-अर्जांच्या मराठीविषयी बोलण्यास प्रस्तुत लेखकास बोलाविले होते. व्याख्यानानंतर एका ज्येष्ठ वकिलांनी आपल्या जुन्या पुस्तकाच्या समासात शिसपेन्सिलीने लिहिलेले नवे क्रमांक दाखविले. काम मोठ्या कष्टाचे होते. पण प्रत्येक नोंद जुन्याकडून नव्याकडे जाणारी होती. नव्या आकड्याखाली आता काय आहे, हे त्या पुस्तकात पाहण्याची सोयच नव्हती. त्यांच्या वहीत तास मांडले असते तर ते कॅलिफोर्नियाच्या २५ हून कितीतरी अधिक भरले असते, आणि इंग्लंडातील निवेदनही त्यांनी निःशंक मनाने केले असते.

म्हणून आपल्याकडे अशी सक्ती कधी आलीच, तर ती तासांत नसावी असे मला वाटते. वकिलाने स्वतः तयार केलेले दोन-चार अर्ज, नव्या-जुन्या कलमांच्या संदर्भासह, दुसऱ्या वकिलाने तपासावे आणि त्या तपासणीचीच नोंद व्हावी. तालुक्याच्या न्यायालयातील अर्ज बहुधा मराठीत असतात, तेव्हा ही तपासणीही मराठीतच व्हावी लागेल. तपासणारे कोठून आणावयाचे, आणि अशिलाची गुप्तता राखून हे कसे करावयाचे, हे प्रश्न त्या तालुक्यातील वकिलांनीच त्या दुपारी विचारले होते. पहिल्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्यासाठी नावे वगळलेले मसुदे वापरावे, असे मी सुचविले.