घोड्याला सोबत तट्टाची

शर्यतीचा थरोब्रेड घोडा एकटा कोंडला की बिघडतो. तबेल्याच्या दारात तासन्‌तास डोके डावी-उजवीकडे डोलवत राहतो, नाहीतर फळी दातांत धरून हवा आत ओढतो. पूर्वी मालक याला खोड म्हणत. आज पशुवैद्यक त्यामागे एकटेपण, कोंडून राहणे आणि अपुरी वैरण शोधतात. घोडा हा कळपाचा आणि भक्ष्य होणारा प्राणी. उभ्याने तो डुलकी काढतो, पण स्वप्नांची झोप आडवे झाल्याशिवाय पुरी होत नाही, आणि पहाऱ्याला कुणी नसेल तर आडवे होण्याचा धीर होत नाही.

म्हणून त्याला सोबती देतात. बरेचदा हा सोबती शेटलंड तट्टू असतो. स्कॉटलंडच्या उत्तरेच्या वादळी बेटांवरचे हे जनावर, खांद्यापाशी फार तर 42 इंच उंच. आखूड पाय, दाट आयाळ, हिवाळ्यात अंगावर केसांचा दुहेरी थर. आपल्या भीमथडीच्या तट्टांसारखेच काटक. ब्रिटनमध्ये 1842 च्या कायद्याने बायका आणि लहान मुलांना कोळशाच्या खाणीत उतरवणे बंद झाले; पुढे अरुंद बोगद्यांतल्या गाड्या ओढायला ही तट्टे मोठ्या संख्येने खाली गेली.

शेटलंड हट्टी म्हणून बदनाम आहे. मला तो हट्ट कमी आणि सावधपणा जास्त वाटतो. कागद फडफडला की थरोब्रेड उधळतो. तट्टू थांबते, बघते आणि पुन्हा चरू लागते. शेजारी कुणी घाबरलेले नाही, हे घोड्याला लगेच कळते.

दोघे एकमेकांना दातांनी खाजवतात. घोड्याची आवडती जागा म्हणजे मानेचे मूळ. फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवरच्या 1993 च्या अभ्यासात तिथे खाजवल्यावर हृदयाचे ठोके मंदावलेले आढळले. तट्टाचे तोंड तिथवर सहज पोचत नाही, तेव्हा वाकायचे थोराडानेच. दबदब्याचे गणित मात्र उंचीवर चालत नाही. वय, स्वभाव आणि कळपातला मुक्काम यांवर ते ठरते. त्यामुळे कान मागे पाडलेले तट्टू कितीतरी उंच घोड्याला गवताच्या ढिगावरून हुसकावताना दिसते.

खाण्यात मात्र जोडी जुळत नाही. खडकाळ माळावर तगणारे हे शरीर हिरव्यागार कुरणात पटकन सुटते. इन्सुलिनचे तंत्र बिघडले की खुरांच्या आत दाह होतो, तट्टू लंगडते, कधी कायमचे जायबंदी होते. म्हणून त्याच्या तोंडाला भोकाची मुसकी बांधतात. चार पाती तेवढी आत येतात. घोडा शेजारीच पोटभर चरतो.