पापणी ओढून बघा

श्रावण-भाद्रपदात माण-खटावच्या वाड्यांवरून मला एकाच तऱ्हेचे फोन येतात. "डॉक्टर, मेंढरं चरत्यात, पर अंगाला लागंना. एक तर सकाळी मेलेलंच घावलं." हगवण आहे का, विचारलं तर "न्हाई, लेंडी घट हाय." आणि इथंच फसगत होते. जंत म्हणजे हगवण, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की घट्ट लेंडी बघून माणूस निर्धास्त होतो.

हिमॉन्कस हा जंत हगवण लावत नाही, रक्त पितो. मेलेली मेंढी फाडून पोटाचा चौथा कप्पा उघडला, की अस्तराला चिकटलेले दोन-तीन सेंटिमीटरचे दोरे वळवळताना दिसतात. मादीच्या अंगावर लाल-पांढरा पीळ असतो. लाल ते मेंढीचं रक्त, पांढरी ती तिची अंड्यांची नळी. एक जंत दिवसाला 0.05 मिली रक्त खातो. ऐकायला काहीच नाही. पण 5,000 जंत असले तर रोजचं पाव लिटर झालं, आणि 30 किलोच्या मेंढीत रक्तच असतं दोनेक लिटर! मग जबड्याखाली पाणी उतरतं, मेंढी कळपाच्या मागं रेंगाळते.

एक मादी दिवसाला 5,000च्या वर अंडी घालते. पावसाळी उबेत आठवड्याभरात अळ्या तयार होतात, ओल्या गवतावर चढतात आणि चरताना पोटात जातात.

यावर उपाय म्हणून सरसकट कळपाला, अंदाजाने, दर वेळी तेच औषध पाजतात. मला हे अजिबात पटत नाही. कमी मात्रेत मरतात ते कच्चे जंत. चिवट उरतात आणि त्यांचीच पैदास वाढते. दक्षिण आफ्रिकेत औषधं अशीच निकामी व्हायला लागली, तेव्हा तिथले पशुवैद्य फाफा मालन आणि सहकाऱ्यांनी 'फामाचा' हा पाच रंगांचा तक्ता काढला. खालच्या पापणीची आतली बाजू तक्त्याशी ताडायची: पहिला रंग लालबुंद, पाचवा पांढराफटक. चौथ्या-पाचव्याला औषध द्यायचंच. बहुतेक जंत थोड्याच जनावरांत असतात, त्यामुळे बाकीच्यांना बहुधा गरज पडत नाही. उलट, औषध न दिलेल्यांच्या पोटातले कच्चे जंत चिवटांत मिसळत राहतात, म्हणून औषध जास्त वर्षं चालतं.

यकृतातल्या चपट्या जंतांनीही पापणी पांढरी पडते, तेव्हा लेंड्या तपासून घ्या. औषध वजन करूनच पाजा. शेळीला मेंढीचं माप चालत नाही, ते डॉक्टरांना विचारा. आणि नुकत्याच गाभण गेलेल्या मेंढीला अल्बेंडाझोल देऊ नका.